वेढ्याचा खेळ पटावर रंगतो का? (चाकण, १६६०)

खंदकपार (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी भाच्यानं मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मला देता आलं नाही, म्हणून इथे टाकतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी चाकणला एका कारखान्यात टूलरूममध्ये कामाला आहे. अकरा वर्षं रोज त्या गावातून येतो-जातो, पण तिथल्या संग्रामदुर्ग किल्ल्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. दीड वर्षापूर्वी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम गेलो. थोडा तट, काही बुरूज आणि खंदकाची खूण, एवढंच उरलंय. पण तिथे उभं राहिल्यावर एक गोष्ट अंगावर आली. इथे कडा नाही, चढ नाही, घळ नाही. सपाट माळावरचा भुईकोट. आणि याच्या आधारानं किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाला ५६ दिवस अडकवून ठेवलं. २१ जून ते १५ ऑगस्ट १६६०. महाराज तेव्हा पन्हाळ्यात सिद्दी जौहरच्या वेढ्यात, म्हणजे मदतीची आशा जवळजवळ नाहीच.

घरी येऊन पट करायला घेतला. चार बाय तीन फुटांचं प्लायवूड, त्यावर सोंगट्यांच्या युद्धखेळात असतात तशी षटकोनी घरं. तट लाकडी पट्ट्यांचा. ईशान्येचा बुरूज मी सुटा केलाय. दोन खुंट्यांवर बसतो, वर उचलला की खाली भगदाड दिसतं. त्या दोन खुंट्यांसाठी तीन संध्याकाळी गेल्या, कारण बुरूज हलता कामा नये आणि उचलताना अडकताही कामा नये. सैन्य म्हणजे लाकडी चकत्या. फक्त फिरंगोजींच्या जागी आमच्या दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा ठेवलाय. त्याच्या भाल्याचं टोक तुटलंय, पण लहानपणापासून तोच किल्लेदार आहे, त्यामुळे दुसरा बसवावासा वाटला नाही.

नियम असे होते: एक खेळी म्हणजे एक दिवस. खान चार बाजूंनी मोर्चे पुढे सरकवणार, भुयार खणणार, तोफा डागणार. आतला गोळीबार करणार. मी खान झालो, भाचा (नववीत आहे) फिरंगोजी.

एकोणिसाव्या दिवशी त्यानं फासा मुठीत धरला आणि टाकलाच नाही. म्हणाला, “मामा, मी आत्ता नक्की काय करू?”

मी म्हटलं, “गोळीबाराचा फासा टाक.”

“तो तर रोजच टाकतोय. त्यानं काय बदलतं?”

खरंच काही बदलत नव्हतं. माझ्याकडे कामाचा ढीग होता. कुठल्या मोर्च्यावर किती माणसं, भुयार किती पुढे गेलं, पावसात दारू कोरडी कुठे ठेवायची. त्याच्याकडे एक फासा. मी त्या दुपारी रमलो होतो आणि समोर बसलेला पोरगा कंटाळला होता, हे मला एकोणिसाव्या दिवसापर्यंत कळलंही नाही. त्याचं जास्त वाईट वाटलं.

मेहुणे म्हणतात, वेढा हा पटाचा विषयच नव्हे, घोडखिंड कर. घोडखिंडीचा खेळ होईल, मान्य. पण मला चाकणच करायचंय. आणि शेवटही बदलायचा नाहीये. चाकण पडलं. ते पडलं कसं, यातच त्याची थोरवी आहे. खोटा विजय देऊन भाच्याला खूश करायचं म्हणजे फिरंगोजींचं खरं काम पुसून टाकायचं.

तर प्रश्न असा: शेवट ठरलेला, बाजू इतक्या विषम, आणि आतल्यानं फक्त सोसायचं. असा वेढा खेळायला रंगू शकतो का? कुणी करून पाहिलंय?

उत्तर_बुरूज

रंगतो, पण सगळा वेढा खेळू नका. आम्ही वसईत राहणारे चौघं जण मराठ्यांनी पोर्तुगीजांच्या वसई किल्ल्याला घातलेला १७३९ चा वेढा खेळतो. फेब्रुवारी ते मे असा तो चालला. पहिल्या वर्षी आम्ही फेब्रुवारीपासून सुरुवात केली आणि तुमचंच झालं. मोर्चे सरकवायचे, माणसं गमवायची, पुन्हा मोर्चे सरकवायचे. किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी, म्हणजे जोर सगळा उत्तरेच्या जमिनीवरून. वेगळं काही करायला वावच नाही.

आता आम्ही फक्त मे महिन्यातले शेवटचे दिवस खेळतो. सुरुंग भरून तयार आहेत इथून सुरुवात. आणि खेळाचा जीव इथेच आहे: सुरुंग ठरल्या वेळी उडेलच असं नाही. चिमाजीअप्पांच्या लोकांनी बत्ती दिली तेव्हा काही सुरुंग उडाले आणि तटाला खिंडार पडलं, लोक आत धावले, आणि मग मागे राहिलेले सुरुंग उडून आपलीच माणसं त्यात गेली. आमच्या पटावर प्रत्येक सुरुंगाची चिठ्ठी पालथी असते. खिंडार दिसतंय, पण शेजारच्या सुरुंगाची चिठ्ठी अजून उलटलेली नाही. आत्ता घुसायचं की थांबायचं? थांबलात तर पोर्तुगीज खिंडार बुजवतात. त्या क्षणाला चौघांपैकी कुणी चहाचा कपसुद्धा उचलत नाही.

छप्पन्न दिवस कापा. शेवटचे तीन ठेवा.

तहनामा

वरच्यांचं पटतं, पण अर्धंच. शेवटचे तीन दिवस ठेवले तर वेढा राहत नाही, हल्ला राहतो. हल्ल्याचे खेळ भरपूर आहेत.

माझ्या मते तुमच्या खेळात एक माणूस नाही: बोलणी करणारा. वेढे बहुतेक वेळा तोफेनं संपत नाहीत, बोलण्यानं संपतात. पुरंदर घ्या, १६६५. शेजारचा वज्रगड एप्रिलमध्ये पडला, मुरारबाजी पडले, तरी पुरंदर लढतच होता. संपलं ते जूनमध्ये मिर्झाराजांच्या तंबूत. २३ किल्ले द्यायचे, १२ ठेवायचे. किल्ला आणखी किती दिवस टिकेल याचा अंदाज दोन्हीकडे वेगळा होता, आणि त्या फरकावरच तर घासाघीस चालते.

मी पुरंदर करताना आतल्याला दर आठवड्याला एक चिठ्ठी लिहायला लावतो: आज किल्ला खाली करायचा झाला तर काय मागशील? बाहेरच्यालाही: आज काय देशील? दोन्ही चिठ्ठ्या पंचाकडे. जुळल्या तर खेळ तिथेच संपतो. लवकर मागाल तर भरपूर मिळतं, पण दिवस कमी भरतात. उशिरा मागाल तर दिवस भरतात, पण हातात काही उरलेलं नसतं. आतला माणूस मग कंटाळत नाही, तो सतत हिशेबात असतो.

तुमच्या भाच्याला फासा नको होता. त्याला निवडायला काहीतरी हवं होतं.

पाटीवरची_बाई

खंदकपार दादा, मी सातवी-आठवीच्या मुलांना इतिहास शिकवते आणि शनिवारी शाळा सुटल्यावर मुलांकडून असे खेळ करून घेते, म्हणून लिहितेय.

तुमच्या पटाची अडचण मला एकाच वाक्यात सापडली. भुयार किती पुढे गेलं ते तुम्ही पटावर मांडता! मग आतल्याला ते दिसतं. खऱ्या फिरंगोजींना ते दिसत होतं का? जमिनीखाली माणसं खणतायत, कुठे ते माहीत नाही, कधी उडेल माहीत नाही. वेढ्यातली सगळी भीती तिथे आहे आणि तुम्ही ती उघडी करून टेबलावर ठेवलीत.

आमच्या वर्गात मध्ये पडदा असतो (साधी चादर, दोन खुर्च्यांना बांधलेली) आणि मी पंच. बाहेरचा गट मला कानात सांगतो, भुयार कुठल्या बुरुजाकडे. आतल्या गटाला मी एक वाटी देते. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकारानं बार्का नावाच्या गावाच्या वेढ्याची गोष्ट सांगितलीय: इराणी लोक भुयारं खणत होते, तर गावातल्या एका तांबटानं तटाच्या आतून काशाची ढाल जमिनीला लावत लावत फेरी मारली. जिथे खाली खणती सुरू होती तिथे ढाल घुमायची. त्यावरून आतल्यांनी उलटं भुयार खणून त्यांना गाठलं. तर आमची वाटी म्हणजे ती ढाल. एका खेळीत एकाच कोपऱ्यात ठेवता येते. भुयार जवळ असेल तर मी पेन्सिलीनं वाटीवर टिचकी मारते. हलकी किंवा जोरात. आणि भुयार नसतानाही कधी कधी हलकीशी मारते, कारण जमिनीवरून घोडे जातात, तोफा ओढल्या जातात.

मुलं त्या टिचकीसाठी श्वास रोखून बसतात. गेल्या वर्षी एका मुलीनं तीन खेळ्या वाटी एकाच कोपऱ्यात धरून ठेवली. सगळे तिला ओरडत होते, दुसरीकडे बघ म्हणून. तिचं बरोबर निघालं.

एकच विनंती, शेवट खरंच बदलू नका. मुलांना हरण्याचं काही वाटत नाही. आपण काहीच करत नव्हतो, याचं वाटतं.

राईनकाठी

मी गेली काही वर्षं जर्मनीत असतो, बहुतेक वेळा एकटाच खेळतो. माझा आवडता वेढा अलेसियाचा, इसवी सनापूर्वी ५२. रोमन सेनापती सीझरनं गॉलांचा (आजच्या फ्रान्समधल्या लोकांचा) सरदार व्हर्सिंगेटोरिक्स याला तिथे कोंडलं आणि मग बाहेरून गॉलांची कुमक येणार म्हणून स्वतःभोवतीही दुसरी तटबंदी उभी केली. आत वेढलेले, मध्ये वेढणारे, आणि वेढणाऱ्यांभोवती पुन्हा वेढा. पटावर याच्याइतका देखणा प्रसंग मी पाहिलेला नाही, कारण दोन्ही बाजू एकाच वेळी कोंडलेल्याही असतात आणि कोंडणाऱ्याही.

पण उत्तर_बुरूज यांच्याशी मी सहमत नाही. दिवस कापू नका. अलेसियात धान्य संपत आलं तेव्हा लढू न शकणाऱ्या लोकांना, मांडुबी जमातीच्या बायका-मुलांना आणि म्हाताऱ्यांना, गावाबाहेर काढलं. सीझरनं त्यांना आपल्या ओळीतून जाऊ दिलं नाही. ते दोन्ही सैन्यांच्या मधल्या जागेत राहिले. शेवटचे तीन दिवस खेळलात तर ही माणसं पटावर येतच नाहीत. मी त्यांच्यासाठी एक पांढरी चकती ठेवतो. ती हलत नाही, लढत नाही, तिला गुण नाहीत. पण पुढची प्रत्येक खेळी करताना ती समोर असते, आणि असावी असं मला वाटतं.

चाकणमध्येही तट काही फक्त शिबंदीचा, म्हणजे आतल्या सैनिकांचा, नव्हता. विचार करा.

खंदकपार

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रविवार गेले म्हणून उशीर झाला. पट पुन्हा केला, दोनदा खेळलो, आणि काय झालं ते सविस्तर सांगतो.

आधी दिवसांचा प्रश्न. कापले नाहीत, बांधले. ५६ दिवस म्हणजे बरोबर ८ आठवडे. एक खेळी म्हणजे एक आठवडा, आणि खेळ दोन-अडीच तासांत होतो. असं बांधल्यावर एक गोष्ट आपोआप जुळून आली. महाराज पन्हाळ्यावरून निसटले १२ जुलैच्या रात्री, म्हणजे चाकणच्या वेढ्याच्या बाविसाव्या दिवशी. चौथ्या आठवड्याचा पहिलाच दिवस. तर चौथ्या खेळीला पंच (माझी बहीण) आतल्याला बातमीची चिठ्ठी देते: महाराज पन्हाळ्याबाहेर पडले. कुमक येईल की नाही, ते त्यात लिहिलेलं नाही. भाच्यानं ती चिठ्ठी वाचली आणि पुढच्या दोन खेळ्या दारू राखून ठेवली, कुमक आली तर आतून बाहेर पडून छापा घालायला. कुमक आली नाही. मी त्याला काही सांगितलं नाही, त्यालाच सहाव्या आठवड्यात कळलं.

बाईंची वाटी आणि चादर जशीच्या तशी घेतली. भुयार कुठल्या बुरुजाखाली, ते मी चिठ्ठीवर लिहून बहिणीला दिलं. आणि आतल्याला पाच बेलदार (माती-दगडाचं काम करणारे) दिले. दर आठवड्याला प्रत्येक बेलदाराला एकच काम: पडलेला तट भरायचा, उलटं भुयार खणायचं, वाटी धरायची, किंवा आतून मातीचा बांध घालायचा.

हा बांध माझ्या पहिल्या नियमांत नव्हताच, आणि तीच माझी मोठी चूक होती. खऱ्या वेढ्यात १४ ऑगस्टला दुपारी सुरुंग उडाला, बुरूज आकाशात गेला, खानाचे लोक धावले आणि पुढे बघतात तर मागे मातीचा उंच बांध तयार! शिबंदीनं त्या बांधाआडून बाण, बंदुका, गोळे, दगड, जे होतं ते चालवलं. हल्ला तिथेच अडकला. मोगल रात्रभर त्या ढिगाऱ्यावर पडून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला घेतला, उरलेले बालेकिल्ल्यात गेले, आणि मग बोलणी. खानाचे २६८ मेले आणि ६०० जखमी झाले. तीन-साडेतीनशेच्या शिबंदीसमोर. एवढं सगळं मला ठाऊक होतं, पण नियम लिहिताना मी फक्त खानाचं काम लिहिलं, आतल्यांचं लिहिलंच नाही.

आता पहिला डाव. भाच्यानं पहिले तीन आठवडे वाटी वेगवेगळ्या कोपऱ्यांत फिरवली. दोन टिचक्या खोट्या लागल्या. पाचव्या आठवड्यात त्याला वाटलं वायव्येला आहे, आणि चार बेलदार तिकडे बांधाला लावले. माझं भुयार ईशान्येला होतं. मी गप्प बसलो, पण पाय हलायला लागला होता. सातव्या आठवड्यात त्यानं वाटी ईशान्येला ठेवली. बहिणीनं टिचकी मारली, जोरात. तो काही बोलला नाही. चादरीपलीकडे चकत्या सरकवल्याचे आवाज ऐकू आले, पाचच्या पाच. वायव्येचा बांध अर्धवट सोडून सगळे इकडे.

आठव्या आठवड्यात मी बत्ती दिली. बहिणीनं चादर बाजूला केली आणि मी बुरूज उचलला. खुंट्या अडकल्या नाहीत. खाली भगदाड, आणि त्याच्या मागे दोन थरांचा बांध. तिसरा थर घालायला त्याला वेळ मिळाला नव्हता. तरी माझ्या पुढच्या तिन्ही चकत्या त्या बांधावर गेल्या. रात्र झाली, मी ढिगाऱ्यावरच थांबलो, सकाळी आत शिरलो.

मग तहनामांचा नियम. मातीचा मावळा बालेकिल्ल्यात, त्याच्याजवळ दोन चकत्या. बहिणीनं त्याच्यापुढे कोरी चिठ्ठी ठेवली, काय मागशील? त्यानं बराच वेळ घेतला. शेवटी लिहिलं: “उरलेल्यांना जाऊ द्या. मी तुमची चाकरी करणार नाही.” त्याला आधी कुणीही सांगितलं नव्हतं की खानानं खऱ्या फिरंगोजींना बादशाही चाकरी देऊ केली होती आणि त्यांनी ती नाकारली. मी त्याला तेव्हा सांगितलं. तो म्हणाला, “मग बरोबर लिहिलं ना मी?”

उत्तर_बुरूज, तुमच्या पालथ्या सुरुंगाचा नियम दुसऱ्या डावात घेतला, आणि माझा सुरुंग नुसता फुसका निघाला. सातवा आठवडा असल्यामुळे मला पुन्हा भरायला एक खेळी मिळाली, पण तेवढ्यात तिसरा थर चढला. या डावात किल्ला आठव्या आठवड्याअखेरही उभा होता. हे चालवायचं की नाही, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. बहीण म्हणते चालवा, सुरुंग फसायची भीती खानालाही असणारच की. मला वाटतं, मग नववा आठवडाही खेळायला हवा, खान काही उठून गेला नसता. तुमच्याकडे सगळे सुरुंग फसले तर तुम्ही काय करता?

राईनकाठी, पांढरी चकती ठेवली आहे. तिच्याबद्दल अजून काही लिहिता येत नाही.

बाई, वाटी पितळेची घ्या. स्टीलची आम्ही आधी वापरली, तिचा आवाज फार लवकर विरतो आणि हलकी टिचकी की जोरात ते कळत नाही. आजीच्या देवघरातली पितळेची आणल्यावर फरक पडला.

पुढच्या रविवारी बाजू बदलतोय. आत मी बसणार, आणि भाच्यानं आत्ताच विचारलंय की बुरूज दोन सुटे करता येतील का, म्हणजे चादर काढेपर्यंत मला कळणार नाही कुठला उडणार ते. आज संध्याकाळी दुसऱ्या बुरुजाच्या खुंट्या करायला घेतोय.